तात्पुरता मजकूर

ओजसचा मेल सोमवारी अकरा चाळीसला आला तेव्हा नेहा ऑफिसच्या पॅन्ट्रीत कॉफीच्या मशीनसमोर उभी होती, आणि मशीन नेहमीसारखं अर्धा कप भरून घरघरत थांबलं होतं. मेलमध्ये दोन शब्द होते आणि एक अंगठा. ऑल ओके. सव्वापाच महिने ज्या होकारासाठी तिनं चाकणच्या त्या कंपनीत खेटे घातले, फोन केले, आठवणीचे मेल टाकले, त्या मेलांच्या आठवणीचे मेल टाकले, तो होकार असा, कुणी जाता जाता दिवा मालवावा तसा आला. तिला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी ती पहिल्याच शब्दावर अडकली. ऑल म्हणजे सगळं. सगळं म्हणजे इंग्रजी आणि मराठी मिळून सत्तावीस पानं, आणि त्या सत्तावीसांत एक पान असं होतं, ज्याचा मजकूर कंपनीनं कधी पाठवलाच नव्हता. तो नेहानं लिहिला होता. रागाच्या भरात, दहा मिनिटांत, नुसती जागा भरायला. आणि तो तिच्या वडिलांबद्दल होता. अर्धा कप तसाच ठेवून ती जागेवर आली, पान उघडलं. मजकूर होता तिथंच होता. मेलला जोडलेल्या तक्त्यात प्रत्येक पानासमोर दिव्यानं, म्हणजे कंपनीच्या ऑफिसात बसणाऱ्या आणि सगळे मेल इकडून तिकडे करणाऱ्या त्या अबोल मुलीनं, 'तपासले' अशी खूण केली होती. एकविसाव्या ओळीत 'आमची माणसं, मराठी'. तपासले.

कुणी तपासलं होतं? या माणसांनी आजवर काहीही तपासलं नव्हतं, आणि बदललं मात्र सगळं होतं. पहिली बैठक झाली तेव्हा नेहाला हे काम आवडलं होतं, हे आठवून तिला आता स्वतःचाच राग यायचा. चाकणला औद्योगिक वसाहतीच्या दुसऱ्या टप्प्यात, गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणारी ती चारशे माणसांची कंपनी. बैठकीची खोली वरच्या मजल्यावर, आणि काचेपलीकडे खाली प्रेसची रांग. मोठा प्रेस आपटला की टेबलावरच्या ग्लासातलं पाणी शहारायचं. सलिल, तिचा बॉस, दर वेळी दचकायचा. नेहा दचकली नाही. तो आवाज तिला कानांपेक्षा पोटात ओळखू यायचा. लहानपणी आप्पांचा डबा घेऊन आईबरोबर पिंपरीच्या कंपनीच्या दारात उभं राहिलं की भिंतीतून तो असाच पायांत चढायचा. कंपनीचे मालक प्रभाकरसाहेब, सत्तरी ओलांडलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, यांनी ते पाहिलं असावं. घरी कुणी कंपनीत होतं का, असं त्यांनी विचारलं. वडील, पिंपरीत, प्रेसवर, सत्तावीस वर्षं, असं तिनं सांगितल्यावर ते म्हणाले, मग तुम्हाला काही समजावायला नको. वेबसाइट मराठीतही पाहिजे, आणि त्यात एक पान आमच्या माणसांचं पाहिजे, यंत्रांची चित्रं सगळेच लावतात. नेहानं वहीत ते अधोरेखित केलं होतं. त्यानंतर प्रभाकरसाहेबांचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्या डोळ्याचं, आणि वेबसाइट त्यांचा मुलगा ओजस याच्या हातात गेली.

ओजस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, असं नेहाला अनेकदा वाटे; वाईट माणसावर चिडता येतं आणि संध्याकाळी विसरता येतं. ओजस हसतमुख होता, फोनवर कसे आहात विचारायचा आणि मग शांतपणे पंधरा दिवसांचं काम पुसून टाकायचा. निळा रंग त्याला फार निळा वाटला. करडा केला तर तो म्हणाला, बाबांना निळा आवडतो. पहिल्या पानावरचं मोठं चित्र एकोणीस वेळा बदललं. त्याला 'प्रीमियम' हवं होतं, आणि प्रीमियम म्हणजे काय हे त्यालाही दाखवल्याशिवाय सांगता येत नव्हतं, आणि दाखवल्यावर ते तसं नसायचं. डिझायनर सिद्धेशनं फायलींना आधी 'अंतिम' नाव दिलं, मग 'अंतिम दोन', मग 'खरंच अंतिम', आणि शेवटी नुसत्या तारखा. माणसांच्या पानासाठी कामगारांचे फोटो पाठवा म्हणून नेहानं अकरा मेल केले. तिनं स्वतः येऊन काढायचीही तयारी दाखवली. ओजसनं एक दिवस विकतच्या चित्रांच्या साइटवरून फोटो पाठवला: गोरा, निळ्या डोळ्यांचा, पन्नाशीचा माणूस, डोक्यावर कोरं पिवळं हेल्मेट, हातात डाग नसलेले हातमोजे, आणि मागं खिडकीतून दिसणारं बर्फ. हा चाकणचा वाटत नाही, असं नेहानं शक्य तितक्या सौम्यपणे लिहिलं. ओजसनं उत्तर दिलं, पण क्वालिटी चांगली आहे. सलिलकडे गेली तर सलिल म्हणाला, क्लायंटला सांभाळून घे गं. सलिलचं हे वाक्य इतक्यांदा ऐकून झालं होतं, की आता ते ऐकताना नेहाला त्याच्या तोंडाची नुसती हालचाल दिसायची.

मजकुराचंही तेच. रिकाम्या जागी नेहमीचा तो निरर्थक लॅटिन मजकूर टाकला होता, जो जगभर टाकतात. तर ओजसचा फोन आला, आमच्या साइटवर स्पॅनिश कशाला. त्याला समजावलं. चार दिवसांनी पुन्हा फोन, ते स्पॅनिश अजून तसंच आहे. तेव्हा नेहानं तो काढला आणि ठरवलं की पानाचा आकार कळेल असा साधा मराठी-इंग्रजी मजकूर आपणच लिहायचा, वर लाल अक्षरांत 'तात्पुरता मजकूर' असं छापायचं, आणि खरा आला की बदलायचा. इंग्रजी पानांचा खरा मजकूर ओजसनं कुठून तरी करून घेतला. मराठीचा आला नाही. मार्चमधल्या एका संध्याकाळी पाच वाजता, बाहेर वाकडच्या पुलावर गाड्यांचे हॉर्न एकात एक मिसळून नुसता एक लांब स्वर झालेला असताना, ओजसनं लाल अक्षरं काढायला सांगितली, ती 'निगेटिव्ह दिसतात' म्हणून. नेहानं ती काढली. मग 'आमची माणसं' हे पान उघडलं. बर्फातला तो गोरा माणूस तिच्याकडे बघून हसत होता. त्याच्याखाली 'आमचे कर्मचारी हीच आमची शक्ती' असं तिनंच कधीतरी टाकलं होतं. ते तिनं पुसलं आणि न थांबता टाइप केलं:

'आमच्याकडे एक माणूस होता. त्यानं सत्तावीस वर्षं प्रेसवर काम केलं. दर वर्षी कानांच्या तपासणीची गाडी यायची. गाडीतल्या छोट्या खोलीत बसायचं, हेडफोन लावायचा आणि आवाज आला की बटण दाबायचं. या माणसाला आवाज येत नव्हता. पण समोरच्या काचेत तपासणाऱ्या बाईंचं बोट दिसायचं. बोट हललं की तो बटण दाबायचा. असा तो अकरा वर्षं पास झाला. निवृत्तीच्या दिवशी त्याच्याबद्दल भाषणं झाली. त्यानं सगळ्या भाषणांना टाळ्या वाजवल्या, शेजारच्याचे हात बघून.'

लिहून झाल्यावर तिला बरं वाटलं होतं, एवढंच. शिवी दिल्यावर वाटतं तसं. हे कुणीतरी वाचेल, फोन करेल, हे काय आहे विचारेल, आणि मग ती म्हणेल, बघा, म्हणून सांगत होते, मजकूर पाठवा. तिनं पान तपासणीसाठी पाठवलं. फोन आला नाही. पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदा पाठवताना मेलमध्ये स्पष्ट लिहिलं की एकविसाव्या पानाचा मजकूर तात्पुरता आहे, कृपया वाचावा. ओजसनं उत्तरात बोधचिन्ह दोन मिलिमीटर डावीकडे घ्यायला सांगितलं. त्यानंतर इतर पानांच्या गर्दीत तीच ते विसरून गेली. आणि आता हा अंगठा.

तिनं ओजसला फोन लावला. शुक्रवारी कंपनीचा वर्धापनदिन, त्या दिवशी कॅन्टीनच्या शेडमध्ये मोठ्या पडद्यावर वेबसाइटचं उद्घाटन, प्रभाकरसाहेबांच्या हस्ते, आणि आता एका अक्षरालाही हात लावायचा नाही, असं त्यानं तिला आधीच सांगून टाकलं. नेहा म्हणाली, एकच पान आहे. तो हसला. नेहा मॅडम, इतके दिवस तुम्हीच म्हणत होता ना, बदल थांबवा म्हणून. मराठी पानं तुम्ही वाचलीत का, तिनं विचारलं. बाबांनी बघितलीत, असं तो म्हणाला. प्रभाकरसाहेबांना विचारायचं धाडस करून तिनं तिथंही फोन केला. ते म्हणाले, डोळ्यांत थेंब घालतोय, ओजस बघतो ते सगळं. उरला सलिल. सलिलनं तक्त्यातली खूण बघितली, मेलमधला अंगठा बघितला आणि म्हणाला, लेखी आहे ना, मग आपण सेफ.

सेफ. दोन दिवस तो शब्द तिच्या डोक्यात पत्र्यावर खडा वाजावा तसा वाजत राहिला. तिच्याकडे लॉगिन होतं, पासवर्ड होता, एका मिनिटात ती तो परिच्छेद काढू शकली असती. का काढत नाही, हे तिनं स्वतःला विचारलं नाही असं नाही. मंगळवारी हिंजवडीहून परतणाऱ्या गाड्यांत अडकून तिची स्कूटर इंच इंच सरकत होती, तेव्हा तिला कळलं की तिला तो काढायचाच नाही. जाऊ दे वर. त्या बर्फातल्या माणसाखाली जाऊ दे. चारशे माणसांच्या समोर, मोठ्या पडद्यावर, तिचे आप्पा. कुणी वाचणार नाहीच, पण असेल तरी तिथं. त्या विचारानं तिला थोडा आनंद झाला आणि त्या आनंदाची थोडी भीतीही वाटली. आप्पांना विचारायला हवं, हे मनात आलं. पण आप्पांना काहीही विचारणं म्हणजे ओरडणं, आणि दिवसभर गोड आवाजात बोलून आल्यावर ओरडायची ताकद राहत नसे.

आई होती तोवर हे ओरडणं आईकडे होतं. आईचा, म्हणजे चतुराबाईंचा, आवाज पिंपरीच्या त्या दोन खोल्यांतून गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. आप्पांशी बोलताना त्या ओरडत नसत, तो मोठा आवाजच आता त्यांचा झाला होता. त्या गेल्या, आणि दोन वर्षांपूर्वी नेहानं आप्पांना वाकडला आठव्या मजल्यावर आणलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाई विचारायला आल्या, की सगळं ठीक आहे ना, भांडणाचा आवाज येतो. त्यानंतर नेहा कमी बोलू लागली. कानातलं यंत्र आणलं होतं. त्यातून कुकरची शिट्टी आणि वाऱ्यानं आपटणारं दार एवढंच ऐकू येतं, असं म्हणून आप्पांनी ते खणात टाकलं. खंडू हे त्यांचं नाव सोसायटीत कुणाला माहीत नव्हतं. सगळे त्यांना नेहाचे वडील म्हणत. सकाळी पेपर घेऊन ते बाल्कनीत बसत आणि पेन्सिलीनं छपाईच्या चुकांना गोल करत. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला शुद्धलेखनाचा एवढा नाद कुठून लागला, ते देव जाणे. रविवारी पिंपरीला विहारात जात, तिथं कंपनीतले जुने लोक भेटत, आणि तिथंच नेहानं ती गाडीची गोष्ट पहिल्यांदा ऐकली होती, मग पुन्हा पुन्हा. आप्पा ती रंगवून सांगत. डोळे मिचकावून, बोट हलवून, बटण दाबून दाखवून, आणि शेवटी म्हणत, डाक्टरला येडा बनवला, अकरा साल. सगळे हसत. नेहाही हसे. नापास झाले असते तर कंपनीनं त्यांना प्रेसवरून काढून पॅकिंगला बसवलं असतं. आणि ज्या माणसाच्या हाताखाली दहा माणसं प्रेसमध्ये डाय, म्हणजे साचा, बसवायला शिकली, त्यानं खोक्यांना चिकटपट्टी लावायची, हे आप्पांना मान्य होणारं नव्हतं. इतकं सगळं तिला माहीत होतं. म्हणजे माहीत आहे असं तिला वाटत होतं.

गुरुवारी ती जरा लवकर घरी आली. आप्पा बाल्कनीत होते, ऊन अजून कठड्यावर होतं. शेवटची नजर म्हणून ती टॅबवर मराठी पानं चाळत बसली, आणि आप्पांनी हात पुढे केला. त्यात विशेष काही नव्हतं. तिच्या हातातलं काहीही छापील दिसलं की ते असा हात पुढे करत. एक क्षण तिनं टॅब धरून ठेवला. मग दिला. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल कानावरून काढली आणि काचेवर चालणार नाही हे लक्षात येऊन परत ठेवली. पहिल्या पानावर त्यांना दोन चुका सापडल्या, तिसऱ्यावर एक. पाच महिन्यांत मराठी पानं ओळीनं वाचणारा हा पहिला माणूस होता. नेहा त्यांच्या बोटाकडे बघत राहिली. बोट ओळीखालून सरकत होतं, थांबत होतं, पुढे जात होतं. एकविसाव्या पानावर ते थांबलं. बराच वेळ थांबलं. मग पुन्हा पहिल्या ओळीवर गेलं.

"हे तू लिवलं?" आप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमी मोठा असे. स्वतःलाच ऐकू न येणाऱ्या माणसाचा. आता तो लहान होता.

तिनं मान हलवली.

"काढ."

तिला वाटलं होतं ते हसतील. किंवा चिडतील. तिनं खुर्ची त्यांच्या डाव्या बाजूला ओढली आणि कानाशी तोंड नेऊन सांगितलं, की नाव नाही, कंपनीचं नाव नाही, कुणाला कळणार नाही.

"कळंल. त्या गाडीवर एकच बाई व्हती." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. "अजून हाय ती. मागल्या साली चिंचवड स्टेशनाला भेटली. त्याच गाडीवर हाय म्हनली. अजून पंधरा वर्सं नोकरी हाय तिची."

"पण तुम्ही तिला फसवलं होतं, आप्पा," नेहा ओरडली. शेजारच्या बाल्कनीतलं कपडे झटकणं थांबलं.

आप्पांनी तिच्याकडे बघितलं, आणि मग ते लांब, समोरच्या अर्धवट इमारतीच्या क्रेनकडे बघू लागले. त्यांनी जे सांगितलं ते सलग सांगितलं नाही. मध्ये मध्ये थांबून, हातानं खुणा करत. ऐकू येईनासं झालं त्या पहिल्या साली काच कोरी होती, बोटबीट काही दिसत नव्हतं. ते नापासच झाले होते. बाईंनी पुन्हा तपासणी घेतली, पुन्हा नापास. बाई म्हणजे तरी काय, चोवीस-पंचवीसची पोरगी. तिनं कागदाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि काहीतरी विचारलं. काय विचारलं ते त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी आपलं उत्तर दिलं, माझी मुलगी बारावीला हाय. "का तेच बोललो, म्हाईत न्हाई. तोंडात आलं." मग बाईंनी खुर्ची सरकवली. लाइटची दिशा बदलली. आणि तिसऱ्यांदा तपासणी घेताना हात असा, मुद्दाम उंच धरला. काचेत दिसेल असा. पुढच्या साली आप्पा आत शिरले की त्या न बोलता खुर्ची सरकवत. अकरा साल.

"मी कुनाला येडा बनवलं न्हाई," आप्पा म्हणाले. "पर लोकांला तसंच सांगायला लागतं ना. तिनं केलं असं कसं सांगनार?"

नेहाला काय वाटलं ते तिला नीट सांगता आलं नसतं. त्या न पाहिलेल्या बाईंचा तिला इतका राग आला की तिचे कान गरम झाले. पहिल्याच साली नापास केलं असतं तर आप्पा पॅकिंगला गेले असते, चार दिवस कुढले असते, आणि आज त्यांना चहा हवा का हे विचारायला ओरडावं लागलं नसतं. आईला त्यांनी शेवटच्या दिवसांत काही विचारलं होतं आणि तिचं पुटपुटणं त्यांना कळलं नव्हतं, आणि नेहानं ते ओरडून सांगितलं होतं, त्या हॉस्पिटलच्या खोलीत, सगळ्यांसमोर. तेही झालं नसतं. आणि त्याच वेळी तिला ती खुर्ची सरकवणारी पोरगी दिसत होती, ऑफिसातल्या सिद्धेशएवढी, भीतीनं आणि आणखी कशानं तरी हात उंच धरलेली. राग आणि ते दुसरं काहीतरी, दोन्ही एकदम. शिवाय ही गोष्ट ती दहा वर्षं ऐकत होती आणि तिनं एकदाही, एकदाही विचारलं नव्हतं की काचेत बोट दिसायचं कसं. ती उठली. आप्पांचा टॅब धरलेला हात तिनं दाबला आणि मान हलवली, काढते.

त्या संध्याकाळी सर्व्हरवर साइट चढवायचं काम दुसऱ्या टीमकडे होतं आणि पानं कुलूपबंद होती. सकाळी नऊला कुलूप निघालं तेव्हा ती चाकणच्या वाटेवर, मोशीच्या पुढं, कंटेनरच्या रांगेत टॅक्सीत अडकलेली होती. मांडीवर लॅपटॉप उघडला. ड्रायव्हरनं आरशातून बघत विचारलं, मॅडम, ऑफिस घेऊनच फिरता का राव. तिनं परिच्छेद निवडला. निळा झालेला तो परिच्छेद तिनं शेवटचा वाचला आणि पुसला. तिथं दुसरं काहीतरी टाकायला हवं होतं. 'आमचे कर्मचारी हीच आमची शक्ती' पुन्हा लिहावं का, असा विचार आला. बोटं कळफलकावर होती आणि एकही वाक्य येत नव्हतं. जे येत होतं ते सगळं कुणाचं तरी होतं. तिनं पान तसंच जतन केलं. शीर्षक, बर्फातला माणूस, खाली पांढरी जागा. एका अक्षरालाही हात लावायचा नाही म्हणाला होता ओजस. आता तो फोन करेल, ओरडेल, सलिलला सांगेल. करू दे. एकदा तरी करू दे.

कॅन्टीनच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. वर्धापनदिन म्हणून सकाळची पाळी तासभर थांबवली होती आणि प्रेस गप्प होते. ती शांतता नेहाला कानांवर हात ठेवल्यासारखी वाटली. चारशे माणसं गणवेशात बसली. प्रभाकरसाहेब काळा चष्मा लावून आले, नारळ फोडला, कळ दाबली, आणि पडद्यावर निळ्याला लागून असलेला करडा, करड्याला लागून असलेला निळा उमटला. टाळ्या झाल्या. ओजस एकेक पान उघडत गेला, यंत्रं, प्रमाणपत्रं, नकाशा. मग प्रभाकरसाहेब म्हणाले, मराठी दाखव. मराठी आलं. माणसांचं दाखव. नेहा मागच्या रांगेत होती. पडद्यावर 'आमची माणसं' आलं, तो गोरा माणूस आला, आणि त्याच्याखाली पाच फूट पांढरी जागा आली, एवढी मोठी की तिचा उजेड पुढच्या रांगांच्या तोंडावर पडला. प्रभाकरसाहेबांनी मान वर करून ती बराच वेळ पाहिली. "छान. मोकळं वाटतं," ते म्हणाले. टाळ्या झाल्या. ओजसनं लांबूनच नेहाकडे बघून अंगठा वर केला.

इतकंच. तिला हसू आलं नाही, रडू आलं नाही. नुसतं खूप दमल्यासारखं झालं, पाच महिन्यांचं एकदम. चहाच्या टेबलाशी ती कागदी पेला घेऊन उभी राहिली. दिव्या जवळ आली. एवढ्या दिवसांत ती मेलच्या खाली असलेल्या नावाशिवाय नेहाला फारशी आठवतही नव्हती. सत्तावीस-अठ्ठावीसची, ओढणीला कंपनीचं ओळखपत्र टाचलेली. तिनं आधी बिस्किटं पुढे केली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, आमची माणसंवर एक मजकूर होता ना?"

नेहानं पेला खाली ठेवला.

"तू वाचलास?"

"तिन्ही वेळा," दिव्या म्हणाली. इथल्या कानांच्या तपासणीचं वेळापत्रक तीच लावते, असं तिनं सांगितलं. कोण कसा पास होतो हे तिलाही थोडंफार ठाऊक होतं. नेहाच्या मनात एकदम सगळे मेल उभे राहिले, आठवणीचे, कृपया वाचावा लिहिलेले, आणि ती म्हणाली, अगं, मग एका ओळीचं उत्तर तरी टाकायचंस; मी वेड्यासारखी वाट बघत होते.

"मुद्दाम नाही टाकलं," दिव्या म्हणाली. "मी काही बोलले असते तर सरांनी वाचलं असतं. मग राहिला नसता तो. म्हणून नुसती खूण केली." ती थोडी थांबली. "मला वाटलं आज सगळ्यांना दिसेल. काढला कुणी?"

"मी," नेहा म्हणाली. "माझ्या वडिलांचं होतं ते. ते नको म्हणाले." आणखी काही सांगावंसं वाटलं, खुर्चीचं, काचेचं, पण ते सांगायचं नव्हतं, हे आठवून तिनं बिस्किट उचललं. दिव्याच्या चेहऱ्यावर कामाचा कागद हरवल्यासारखं काहीतरी आलं आणि गेलं. मग तिनं विचारलं,

"त्यांना आता काहीच ऐकू येत नाही का?"

भोंगा झाला. माणसं उठली, खुर्च्या सरकल्या, आणि पत्र्याच्या भिंतीपलीकडे पहिला प्रेस आपटला, मग दुसरा, मग मोठा. पेल्यातला चहा शहारला.

"डाव्या कानानं," नेहा म्हणाली.

दिव्यानं कपाळाला आठ्या घालून मान पुढे केली.

"डाव्या कानानं," नेहा ओरडली, घरी ओरडते तशी, "अगदी जवळ गेलं तर थोडं!"

दिव्यानं मान हलवली. तिला ते ऐकू गेलं होतं, की नुसतं ओठांकडे बघून तिनं ती हलवली होती, ते नेहाला कळलं नाही.